कुटुंबासह स्टेलारिसचा दीर्घ डाव : या चुका टाळा

स्टेलारिस हा स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा संगणकावरचा खेळ ९ मे २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू सन २२०० मध्ये एका ग्रहावरील संस्कृतीची सूत्रे हाती घेतो, ताऱ्यांमागून ताऱ्यांवर ठाणी उभारतो, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करतो आणि शतकानुशतके आपले साम्राज्य सांभाळतो. आमच्या घरात हा खेळ पाच जण खेळतात : पुण्यात मी, माझे पती आणि बारा वर्षांची मुलगी, सिअॅटलमध्ये माझे धाकटे दीर आणि नागपुरात माझा भाचा. आमचा पहिला डाव २२६४ मध्ये थांबला, दुसरा २३१० मध्ये, आणि तिसरा मात्र ठरवलेल्या शेवटापर्यंत गेला. पहिले दोन डाव शत्रूने संपवले नाहीत, आमच्याच चुकांनी संपवले. या चुका टाळता येण्याजोग्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत मोठी चूक डाव मांडतानाच होते. सुरुवातीच्या पडद्यावर दीर्घिकेचा आकार निवडायचा असतो. सर्वांत लहान दीर्घिकेत २०० तारे असतात आणि सर्वांत मोठीत १,०००. पाच जण आहोत, जागा भरपूर हवी, असे म्हणून आम्ही दोन्ही वेळा १,००० तारे निवडले आणि विजयवर्ष, म्हणजे डाव संपून विजेता ठरण्याचे वर्ष, मुळात होते तसे २५०० राहू दिले. आमच्या तीन तासांच्या बैठकीत सुरुवातीच्या काळात साधारण २५ वर्षे पुढे सरकतात. म्हणजे ३०० वर्षांना बारा बैठका हे गणित कागदावर सोपे दिसते, परंतु परीक्षा, लग्नकार्ये, आजारपणे आणि दिवाळी धरली तर बारा बैठकांना सहा महिनेही पुरत नाहीत, आणि सहा महिने पाच जणांचा उत्साह सारखाच टिकेल असे गृहीत धरणे चुकीचे आहे. शेवट कधी हे कोणालाच दिसत नसेल, तर एकेक जण हळूहळू बैठक चुकवू लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

तिसऱ्या डावात आम्ही ४०० तारे घेतले, मध्यकाळ २२७५ ला, अंत्यकाळ २३५० ला आणि विजयवर्ष २४०० ला आणले. हे तिन्ही आकडे डाव सुरू होण्यापूर्वीच बदलता येतात. खान नावाचा भटक्या टोळ्यांचा सरदार मध्यकाळानंतरच उठतो आणि प्रेथोरिन या दीर्घिकेबाहेरून येणाऱ्या झुंडीसारखे महासंकट अंत्यकाळानंतरच येते. त्यामुळे नुसते विजयवर्ष अलीकडे ओढून बाकीचे दोन आकडे तसेच ठेवले, तर खेळातील सर्वांत रंगतदार प्रसंग येण्याआधीच डाव संपतो. तिन्ही आकडे एकत्र हलवावेत आणि अंत्यकाळानंतर निदान पन्नास वर्षे शिल्लक ठेवावीत.

आकाराचा प्रश्न वेगाशीही जोडलेला आहे. सर्वांचे संगणक एकाच तारखेवर चालावे लागतात, म्हणून सगळ्यांचा वेग सर्वांत मंद यंत्राइतका होतो. भाच्याचा महाविद्यालयातील जुना लॅपटॉप २२९० नंतर इतका दमला, की एका वर्षाला पंधरा मिनिटे लागू लागली. आम्ही चित्रांचा दर्जा कमी करून पाहिला, त्याने फारसा फरक पडला नाही, कारण भार मुख्यतः प्रोसेसरवर असतो. लोकसंख्या, जहाजे आणि संगणकाने चालवलेली साम्राज्ये वाढत जातात तसा हिशोब वाढत जातो. यावर खरा उपाय डाव मांडतानाच करावा लागतो : तारे कमी घ्यावेत, वसाहतयोग्य ग्रहांचे प्रमाण निम्म्यावर आणावे आणि संगणकाची साम्राज्ये चार-पाचच ठेवावीत. घरातील सर्वांत जुन्या यंत्राला झेपेल तेवढीच दीर्घिका निवडणे हा नियम मी आता कोणासाठीही मोडत नाही.

दुसऱ्या डावाचा अंत वेगळ्याच कारणाने झाला. ५ मे २०२५ रोजी खेळाची ४.० ही आवृत्ती आली आणि तिने लोकसंख्येची संपूर्ण रचना बदलली. भाच्याच्या यंत्रावर ती रात्रीतून आपोआप उतरली, आमच्याकडे जुनीच राहिली, आणि शनिवारी त्याला डावात शिरताच येईना. दोन तास आम्ही इंटरनेट तपासत बसलो. वास्तविक खेळाच्या पहिल्या पडद्यावर आवृत्तीच्या क्रमांकाशेजारी चार अक्षरांची एक खूण दिसते; ती सर्वांकडे सारखी नसेल, तर आवृत्ती किंवा कोणीतरी घातलेले मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी जोड, वेगळे आहे, इंटरनेटचा काही संबंध नाही. स्टीम या खेळ विकत घेण्याच्या ऑनलाइन दुकानात खेळाच्या गुणधर्मांमध्ये बीटा नावाचा भाग असतो, तेथून जुनी आवृत्ती निवडता येते. हे आम्हाला तेव्हा माहीत असते, तर तो डाव वाचला असता. आता बैठकीआधी प्रत्येक जण ती चार अक्षरे आमच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतो, आणि डाव चालू असेपर्यंत कोणीही नवी आवृत्ती घेत नाही.

खेळता खेळता सर्वांच्या पडद्यांवरील स्थिती एकमेकांशी जुळेनाशी झाल्याची सूचना आली, तर तशीच ओढाताण करू नये. होस्टने, म्हणजे ज्याच्या यंत्रावर डाव चालतो त्याने, डाव सेव्ह करावा, सर्वांनी खेळ पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, होस्टने तीच फाइल चालू करावी आणि बाकीच्यांनी एकेक करून आत यावे. यात दहा मिनिटे जातात, पण पुढचा घोळ टळतो.

पैशांबाबतही एक गैरसमज असतो. मूळ खेळाची प्रत एकाच वेळी खेळणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी. स्टीमच्या कुटुंब गटात एक प्रत असेल, तर ती एका वेळी एकालाच वापरता येते. जोडखेळ, म्हणजे मूळ खेळाला जोडून वेगळे विकत मिळणारे भाग, मात्र सर्वांनी विकत घेण्याची गरज नाही, ते होस्टकडे असले म्हणजे त्या डावात सर्वांना चालतात. आमच्याकडे तीन जणांनी तेच जोडखेळ विकत घेतल्यावर हे कळले.

आता नात्यांविषयी, कारण कुटुंबाचा डाव बहुधा येथेच मोडतो. पहिल्या डावात माझ्या मुलीने एका वसाहतीला रोमन लिपीत पन्हाळा असे नाव दिले होते. २२६४ मध्ये तिचे सगळे आरमार काकांच्या मदतीला दीर्घिकेच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, आणि त्याच वेळी नागपूरच्या दादाने, म्हणजे तिच्या मामेभावाने, युद्ध पुकारून पन्हाळा घेतला. खेळाच्या नियमांत ते पूर्णपणे बसत होते. ती रडली नाही, भांडली नाही; तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळली आणि गॅलरीतल्या झोपाळ्यावर जाऊन बसली. पुढचे दोन आठवडे दादाचा फोन आला, की ती अभ्यासाचे पुस्तक उघडायची. तो डाव आम्ही पुन्हा उघडला नाही.

चूक भाच्याची नव्हती. विश्वासघाताला मुभा आहे की नाही, हे मोठ्यांनी आधी बोलून ठरवायला हवे होते. आता आमचा नियम असा आहे, की २२५० पर्यंत घरातल्या कोणी कोणावर चाल करायची नाही, आणि त्यानंतर युद्ध पुकारायचे असेल तर बैठक संपताना सर्वांसमक्ष सांगायचे, म्हणजे समोरच्याला तयारीला आठवडा मिळतो. तिसऱ्या डावात याच नियमाने मुलीने दादावर रीतसर चाल केली आणि तीन ताऱ्यांच्या प्रणाली जिंकल्या. त्या आठवड्यात दोघांचे फोन रोज चालू होते. खेळात गुलामगिरी आणि परक्या वंशांचा संहार ही धोरणेही निवडता येतात. मुले खेळत असतील तर ती वापरायची की नाही, हेही डाव मांडतानाच ठरवावे.

याहून कमी दिसणारी, पण तितकीच घातक चूक जाणत्या खेळाडूकडून होते. भाऊजींनी हा खेळ शेकडो तास खेळला आहे, आणि ते मायेपोटीच मुलीला कॉलवर सांगत राहायचे : आधी जहाजांसाठी लागणारे मिश्रधातू वाढव, ते ठाणे आता नको, ठाण्यांसाठी लागणारा प्रभाव साठव. सूचना सगळ्या बरोबर होत्या. परंतु तासाभराने ती फक्त सांगितलेली बटणे दाबत होती. मे २०२३ च्या ३.८ आवृत्तीपासून एकच साम्राज्य अनेकांना मिळून चालवता येते. शिकवायचे असेल, तर पहिल्या दोन बैठका असे एकत्र खेळावे, मग जाणत्याने बाजूला व्हावे आणि विचारल्याखेरीज बोलू नये. भाऊजींना हे सांगणे मला जड गेले, पण त्यांनी मनावर घेतले.

गैरहजर माणसाचे साम्राज्य संगणकाकडे सोपवून पुढे खेळू नये. आम्ही एकदा पतींच्या अनुपस्थितीत तसे केले. ते परतले तेव्हा धोरणे बदललेली होती, ग्रहांवर नको त्या इमारती उभ्या होत्या आणि त्यांना ते राज्य आपले वाटेना. एखादा येणार नसेल, तर दुसऱ्याने त्याच्या सूचनांनुसार ते चालवावे किंवा बैठक पुढे ढकलावी. दोन बैठकांमधला विसर हाही असाच त्रास देतो, म्हणून प्रत्येकाने उठण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहाव्यात. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे : ‘२३१८. उत्तरेचे आरमार दुरुस्तीला. भाऊजींना ५०० मिश्रधातू देणे. पश्चिमेच्या शेजाऱ्याचा तह दोन वर्षांत संपतो.’ एवढे वाचले, की पाच मिनिटांत सगळे डोळ्यांसमोर उभे राहते.

परदेशात कोणी असेल, तर घड्याळाकडे लक्ष द्यावे. आमची बैठक पुण्यात शनिवारी रात्री ९ वाजता असते. तेव्हा सिअॅटलमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, कारण अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलतात. नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलल्यानंतरच्या पहिल्या बैठकीला भाऊजी हमखास तासभर उशिरा यायचे. आता मुलगी त्यांना आदल्या दिवशी संदेश पाठवते. होस्टचे काम माझ्याकडे आहे, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, म्हणून संगणक व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले आहेत. बैठक संपली, की सेव्ह फाइलला तारीख घालून तिची एक प्रत मी भाच्याकडे पाठवते, म्हणजे माझे यंत्र बिघडले तरी पुढच्या शनिवारी तो होस्ट होऊ शकतो.