ट्रॅडिशनल रिकर्व्ह बो ट्यून करायचाय? आधी वर-खाली, मग डावं-उजवं

बाण शेपूट हलवत जातो, टार्गेटमध्ये तिरका घुसतो, आणि मग माणूस वैतागून नवीन बाण ऑर्डर करतो. बडोद्यात आपण बहुतेक सामान ऑनलाइनच मागवतो, त्यामुळे परत चुकीच्या स्पाइनचे, म्हणजे नको तितके मऊ किंवा कडक, बाण आले की पैसे गेलेच समजा. म्हणून सांगतोय, आधी धनुष्य (रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं) नीट लावून घ्या, म्हणजेच ट्यून करा, आणि ते एका ठरलेल्या क्रमाने करा. क्रम चुकला की एक गोष्ट सुधारताना दुसरी बिघडते आणि नक्की काय बिघडलंय तेच कळत नाही.

बाण हलतो कशामुळे ते थोडक्यात. बोटं सुटली की दोरी थोडी बाजूला सरकते आणि बाणाला मागून जोरात ढकलते, पुढे टोकाचं वजन असतं, त्यामुळे बाण मधे लवतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघतो आणि पुढे काही अंतर डावी-उजवीकडे लवत लवत शेवटी सरळ होतो. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींची बांबूची धनुष्यं बघा, त्यांना बाण ठेवायला मुठीवर शेल्फच (खाचच) नसतो, दोरीसुद्धा बांबूचीच, तरी बाण सरळ जातो तो या लवण्यामुळेच. बाण किती लवतो त्याला स्पाइन म्हणतात. कार्बन बाणावर ५०० लिहिलंय म्हणजे २८ इंचांवर दोन टेकू देऊन मधे १.९४ पाउंड वजन टांगलं की तो ०.५०० इंच खाली वाकतो. म्हणजे आकडा जितका मोठा तितका बाण मऊ. हे डोक्यात पक्कं ठेवा, बरेच जण इथेच उलटं धरून बसतात. आणि धनुष्यावर लिहिलेले पाउंड (दोरी ओढायला लागणारा जोर) हे दोरी २८ इंच ओढल्यावरचे असतात, तुमची ओढ २६ असेल तर हातात त्याहून बरेच कमी पाउंड येतात, त्यामुळे बाण निवडताना तुमच्या ओढीला किती पडतात ते बघा. ४० च्या आसपास पडत असतील तर ६०० स्पाइनपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण बाण पूर्ण लांबीचेच घ्या, कापून आणू नका.

आता पहिलं काम, ब्रेस हाइट. दोरी चढवलेल्या धनुष्यात दोरीपासून मुठीच्या सगळ्यात खोल भागापर्यंतचं अंतर. ६० ते ६२ इंची रिकर्व्हला साधारण साडेसात ते आठ इंच असतं, पण बनवणाऱ्याने जे सांगितलंय तेच धरा. दोरीला पीळ वाढवला की दोरी आखूड होते आणि हे अंतर वाढतं. एका वेळी तीन-चार पीळ द्या, दोन-चार बाण सोडा, आवाज ऐका. ज्या मापाला धनुष्य कमीत कमी आवाज करतं आणि हाताला झटका बसत नाही ते तुमचं माप, ते लिहून ठेवा. पीळ द्यायचा तो दोरी वळलीय त्याच दिशेने, आणि कमी करताना सगळा पीळ उतरवू नका, फ्लेमिश (पिळून लूप केलेल्या) दोरीचे लूप सुटू शकतात. डॅक्रॉनची (ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) नवीन दोरी सुरुवातीला ताणते, त्यामुळे आधी थोडे बाण मारून मगच मोजा. आणि जुनं धनुष्य असेल तर फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी लावू नका, लिंबची (धनुष्याच्या लवणाऱ्या हातांची) टोकं त्यासाठी मजबूत केलेली नसतील तर चिरतात.

मग नॉक (बाणाच्या मागची खाच) दोरीवर कसा बसतो ते बघा. बाण दोरीला लावून खाली लटकू द्या, दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारली की सुटला पाहिजे. घट्ट असेल तर पुढची सगळी टेस्ट खोटी येईल.

आता नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण लावायची जागा, आणि इथे घाई अजिबात करू नका. बो स्क्वेअर (दोरीला लावायची काटकोनी पट्टी) लावून शेल्फच्या काटकोनी रेषेपासून अर्धा इंच वर खूण करा, तीन बोटं बाणाखाली धरून मारत असाल तर पाच अष्टमांश इंच. पितळी रिंग लगेच चेपून टाकू नका, आधी साधा दोरा किंवा मेडिकलमध्ये मिळणारा डेंटल फ्लॉस गुंडाळा म्हणजे वर-खाली सरकवता येतो. बाणाच्या खाली दुसरी गाठ हवीच, विशेषतः तीन बोटं खाली धरणाऱ्यांना, नाहीतर ओढताना बाण दोरीवरून खाली घसरतो.

टेस्टसाठी पिसं लावलेले तीन बाण आणि बिनपिसांचे तीन, बाकी सगळं सेम. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या तुलनेत कुठे लागतात ते बघायचं. बिनपिसांच्या मागे पिसांच्या वजनाइतकी इलेक्ट्रिकल टेप गुंडाळा. १० मीटरवरून मारा. टार्गेट मऊ हवं, गोणीत टेलरकडची कतरण ठासून भरली तर उत्तम. कडक फोममध्ये बिनपिसाचा बाण तिरका घुसून मोडतो, शिवाय फोम बाणाचा कोन बदलतो, म्हणून बाण कसा टोचलाय यापेक्षा कुठे लागलाय ते बघा. कार्बन बाण प्रत्येक वेळी वाकवून कान लावून बघा, करकर आवाज आला तर तो बाण बाद. आणि गच्चीवर हे करू नका, बडोद्याजवळ भायलीकडे वगैरे कुणाचं शेत असेल आणि मागे मातीचा उंच बांध असेल तर तिथे करा.

आधी फक्त वर-खालीच बघायचं. बिनपिसाचे बाण पिसांच्या बाणांपेक्षा खाली लागले तर नॉकिंग पॉइंट जास्त वर आहे, थोडा खाली घ्या. वर लागले तर तो खाली आहे, वर घ्या. एका वेळी दीड मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. एक फसवाफसवी होते ती लक्षात ठेवा, पॉइंट फारच खाली असेल तर बाणाची शेपूट शेल्फवर आपटून उसळते आणि बाण शेपूट वर करून लागतो, मग वाटतं पॉइंट वर आहे, आणि माणूस तो अजून खाली नेतो. म्हणून नेहमी वरून सुरू करून खाली या.

वर-खाली एका रेषेत आलं की डावं-उजवं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी सांगतोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचा. बिनपिसाचे बाण डावीकडे लागले तर बाण कडक आहे, उजवीकडे लागले तर मऊ. कडक असेल तर टोकाचं वजन वाढवा, १०० ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) काढून १२५, मग १४५. किंवा बाण जिथे बाजूने टेकतो ती चामड्याची पट्टी पातळ करा. मऊ असेल तर पट्टी जाड करा, मोच्याकडे चामड्याचे तुकडे मिळतात, किंवा टोक हलकं करा, आणि तरी जमलं नाही तर मगच बाण कापा, एका वेळी पाव इंच. टोक हलकं करताना बाणाचं एकूण वजन पाउंडामागे ८ ग्रेनच्या खाली जाऊ देऊ नका, ४० पाउंडाला ३२० ग्रेन, म्हणजे साधारण २१ ग्रॅम. ओळखीच्या सोनाराच्या डिजिटल काट्यावर सहज मोजून मिळतं.

एका बाणावरून काहीच ठरवू नका. तिन्ही बिनपिसांचे एका जागी पडत असतील तरच त्याला अर्थ आहे, विखुरले असतील तर रिलीज (दोरी सोडणं) बिघडतोय किंवा हात दमलाय, त्या दिवशी काहीही बदलू नका, घरी जा.

शेल्फवरून मारताना पिसंच लावा, प्लास्टिकचे वेन (पिसांऐवजी लावायची पाती) शेल्फला लागून बाण उडवतात. मे महिन्यात धनुष्य गाडीत ठेवू नका, लाकूड आणि फायबरग्लासच्या थरांमधला गोंद उष्णतेने सुटतो. पावसाळ्यात पिसं भिजली की चपटी होतात, वाफेवर धरली की परत उभी राहतात. परदेशी गाइडमध्ये शेवटी शिकारीच्या ब्रॉडहेडची (धारदार पात्याच्या टोकाची) टेस्ट असते, ती आपल्याला लागत नाही, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे. १० मीटरवर सहाही बाण एकत्र पडायला लागले की तेच सगळं १८ मीटरवरून परत करा, तिथे उरलेला फरक दिसेल, आणि तो पट्टी किंवा नॉकिंग पॉइंट अगदी केसभर हलवून निघतो.