विक्रीआधी भिंतीची ओल काढली : माझा अनुभव

डोंबिवलीतील आमचा वन बीएचके फ्लॅट विक्रीला काढल्यावर अनेक जण पाहून गेले, परंतु बेडरूमच्या भिंतीवरील फुगलेला रंग दिसताच बोलणे तिथेच थांबत असे. रंगाऱ्याने वरून एक हात मारून देण्याची तयारी दाखवली. पण ओल आतून येत असेल तर नवा रंगही पुढच्या पावसाळ्यात सुटतो, म्हणून मी आधी कारण शोधले. ती भिंत बाथरूमला लागून होती आणि तिथल्या टाइल्सच्या सांध्यांतील पांढरे सिमेंट झिजून गेले होते. सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी आत न शिरू देणारा सांधे भरण्याचा मसाला) भरून घेतले, लोणा (ओलीमुळे वर येणारे क्षार) लागलेले प्लास्टर विटेपर्यंत काढून नवे केले आणि दलालाचा तगादा सोसत, ते पूर्ण सुकण्यासाठी तीन आठवडे थांबून मगच पुट्टी, प्रायमर व फिकट रंग दिला. खिडकी अडवणारे आईचे लोखंडी कपाट हलवल्यावर मात्र काहीही खर्च न होता खोली उजळली; हे आधीच सुचायला हवे होते. सोसायटीतील सभासदत्व दाखवणारे शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला एका फायलीत लावून ठेवला. पुढच्या ग्राहकांना गळतीची दुरुस्ती मी स्वतःहून सांगितली. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी टोकन दिले.