कुळथाचे वाण जपायचे तर: पिशवीपासून पिठीपर्यंतची तयारी

कोकणात कुळीथ, देशावर हुलगा. पीक एकच, पण बियाण्याचे नमुने गोळा करायला निघायच्या वेळा दोन. देशावर खरिपाचा हुलगा साधारण ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत खळ्यावर येतो. कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर पेरलेला कुळीथ फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. उभ्या पिकातून नमुना घ्यायचा तर शेंगा वाळायला लागल्यापासून थोडेच दिवस हाताशी असतात, कारण गावठी वाणांच्या शेंगा तडकतात. उशिरा पोहोचलात तर लवकर पिकणाऱ्या झाडांचं बी मातीत गेलेलं असतं आणि तुमच्या पिशवीत फक्त उशिरा पिकणारी, न तडकणारी झाडं येतात. नमुना भरलेला दिसतो, पण तो त्या शेताचा नमुना राहत नाही.

निघण्याच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी कळवा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत या पिकाची कोणती नावं नोंदवलेली आहेत ते पाहून घ्या. बियाणं कुठे ठेवणार, कुणाला देणार हे शेतकऱ्याला आधी सांगा आणि त्याची संमती कागदावर घ्या. हा कागद पुढे राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे (राष्ट्रीय जनुकपेढी चालवणारी संस्था) नमुना पाठवतानाही उपयोगी पडतो.

सोबत कापडी किंवा जाड कागदी पिशव्या घ्या, प्लॅस्टिकच्या नकोत. ओलसर बी त्यात दोन दिवसांत वाफ धरतं आणि बुरशी येते. लेबलं प्रत्येक नमुन्याला दोन, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर, दोन्ही शिसपेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनची शाई दमट हवेत पसरते. क्रमांकात वर्ष घाला आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरू नका. शिवाय 1 ग्रॅमचाही फरक दाखवणारा छोटा काटा, अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाईल आणि बिस्किटाचा रिकामा डबा (फुटलेल्या शेंगांसाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही) एवढं पुरे.

शेतातून घेत असाल तर किमान 50 झाडं निवडा. कडेची टाळून, शेत आडवं-उभं चालत, प्रत्येक झाडाच्या 10 शेंगा घ्या. शेंगेत 5-6 दाणे धरले तर अडीच-तीन हजार दाणे होतात. शंभर दाण्यांचं वजन 3 ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे हा ऐवज 75 ते 90 ग्रॅम. घरातून घेत असाल तर कणगीच्या किंवा मडक्याच्या वरून, मधून आणि तळातून मिळून पाव किलो घ्या. देखणी, टपोरी, एका रंगाची बी निवडून घेण्याचा मोह आवरा. गावठी कुळथात पिवळसर, तांबूस, करडे, काळे, ठिपक्यांचे दाणे एकत्र असतात आणि जपायची आहे ती नेमकी ही सरमिसळ. आठवडी बाजारातलं बी नमुना म्हणून घेऊ नका, ते कोणत्या गावचं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वाणाचं नाव विचारलं की बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘गावठी’. तिथे थांबू नका. बी कुणाकडून आलं, किती वर्षं घरात आहे, मुरमाड माळावर पेरतात की भाताच्या खाचरात, पाऊस दडी मारतो तेव्हा काय होतं, पिठी बरी होते की माडगं, किती शिट्ट्यांत शिजतं, हे सगळं विचारा. त्यासाठी घरात बी राखणाऱ्या बाईशी बोला. उंबऱ्याबाहेर बसलेल्या पुरुषांकडून यातलं निम्मंही कळत नाही. उत्तर तिच्याच शब्दांत लिहा. ‘दुष्काळसहनशील’ असं शुद्ध करून लिहिलेली नोंद पैदासकाराला निरुपयोगी असते, पण ‘दोन पाऊस चुकले तरी दाणा भरतो’ या नोंदीवरून तो कोणता नमुना कोरड्या रानात तपासायचा ते ठरवतो.

घरी आल्यावर पहिली लढाई भुंगेऱ्याशी. तो शेतातच शेंगेवर अंडी घालतो, म्हणून बी स्वच्छ दिसलं तरी महिनाभराने दाण्याला भोकं पडलेली दिसतात. आधी सावलीत, वाऱ्यावर पसरून वाळवा. तापलेल्या पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर नको. झटपट अंदाजासाठी कोरड्या बाटलीत थोडं बी आणि कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. पुढे हवाबंद डब्यात बियांच्या वजनाइतकं सिलिका जेल घालून 8 टक्क्यांपर्यंत आणा. सुरुवातीचा ओलावा मापकावर 14 टक्के आला असेल तर 250 ग्रॅम बी 234 ग्रॅमवर आलं की 8 टक्के झाले, म्हणून काटा हवा. ओलावा 1 टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. पण हौसेने फार खाली नेऊ नका. अति वाळलेल्या कडधान्यात गणंग (पाणी न शोषणारे, कडक) दाणे वाढतात.

वाळलेलं बी मगच उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान आठवडाभर ठेवा, म्हणजे अळी-अंडी मरतात. ओलं बी गोठवलं तर भुंगेऱ्याबरोबर कोंबही मरतो. बरणी बाहेर काढल्यावर रात्रभर बंदच राहू द्या. थंड बी उघडं केलं की हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि वाळवण्याची मेहनत वाया जाते. प्रत्येक नमुन्याचे तीन वाटे करा: एक गावात, एक तुमच्या बीजकोशात, एक राष्ट्रीय जनुकपेढीसाठी. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन बरण्या म्हणजे तीन वाटे नव्हेत.

उगवण तपासताना हमखास चूक होते. ओल्या कागदात 100 दाणे गुंडाळून दहा दिवसांनी मोजले, 60 उगवले, आणि बी म्हातारं झालं म्हणून नोंद केली. उरलेले 40 चिमटीत दाबून पाहा. मऊ, बुरशीचे असतील तर मेलेले. कडक, न फुगलेले असतील तर गणंग. अशा दाण्यांना पॉलिश पेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवलं की बरेच उगवतात. दोन्हींचे आकडे वेगळे लिहा.

साठा कमी झाला किंवा उगवण सुरुवातीच्या उगवणीच्या 85 टक्क्यांखाली गेली की पुन्हा पेरायचं. कुळीथ स्वपरागी आहे, फूल उमलण्याआधीच परागीभवन बहुतेक उरकलेलं असतं, त्यामुळे जाळ्या नि मोठी अंतरं लागत नाहीत. मग वाण मिसळतात कसे? वेलींतून. ही वेल शेजारच्या ओळीत घुसते आणि काढणीला कोणती शेंग कुणाची ते कळत नाही. म्हणून दोन नमुन्यांत 2 मीटर मोकळी जागा किंवा मध्ये ज्वारीच्या दोन ओळी ठेवा. नमुन्याची 100 झाडं, 30 बाय 10 सेंटिमीटरवर. गेल्या वर्षी कुळीथ असलेलं रान टाळा, सांडलेलं बी उगवून येतं. पानांवर पिवळे चट्टे दिसले तर तो पांढऱ्या माशीने आणलेला केवडा रोग, झाडाची नोंद करून ठेवा; सगळीकडे केवडा असताना हिरवं राहिलेलं झाड सापडलं तर त्याच्यासाठीच हा खटाटोप होता. शेंगा सकाळी दव असताना तोडा, प्रत्येक झाडाचं सारखंच बी घ्या आणि मळणीनंतर पोतं उलटं करून झटका, शिवणीत दोन-चार दाणे अडकतातच.

वापराकडे वळताना संकराचा ध्यास आधी सोडा. फूल इवलंसं, पुंकेसर कळीतच काढावे लागतात आणि यश तुटपुंजं. गोळा केलेल्या मिश्रणातून एकेक झाड निवडून त्याची ओळ लावणं सामान्य गटाला झेपतं. सोबत तुलनेला स्थानिक बी आणि दापोली कुळीथ 1, सीना यांपैकी आपल्या भागाचा एक सुधारित वाण दर दहा ओळींमागे पुन्हा लावा, नाहीतर जमिनीचा फरक वाणाच्या नावावर जमा होतो. मोजायचं ते फुलोऱ्याचे दिवस, वेल की झुडूप, शेंगा, तडकणं आणि शंभर दाण्यांचं वजन.

शेतकऱ्यांना चाचणीसाठी गुंठ्याला 150 ते 200 ग्रॅमची पुडी द्या, आणि काढणीनंतर शिजवून पाहण्यासाठी अर्धा किलो परत मागा. 50 ग्रॅम रात्रभर भिजवून एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजवा आणि बोटाने दाबून वेळ टिपा, गणंग किती उरले तेही मोजा. उरलेल्यातलं थोडं भाजून दळून पिठी करा. ती चाखायला वाण निवडणारे आणि रांधणाऱ्या बायका एकत्र बसवा, कोणत्या वाटीत कोणता वाण ते सांगू नका.