एका अंगणात बहावा आणि मेथी: पाणी, माती आणि उन्हाचा हिशेब

बहावा आणि मेथी एकाच कुळातले, दोघांनाही शेंगा येतात. पण एकाला मानवते ते दुसऱ्याला बाधते. अंगणात दोन्ही लावले की संध्याकाळी एकच पाइप दोघांवर फिरतो. काही वर्षांनी बहावा हिरवागार दिसतो, पण मे महिन्यात त्याला चार घोसही लागत नाहीत. मेथीची पाने पिवळी पडतात ती वेगळीच. हे टाळायचे तर बियाण्यापासूनच दोघांचे दोन हिशेब ठेवावे लागतात.

मेथीचे बी रात्री पाण्यात टाका आणि आठ-दहा तासांनी निथळून कापडावर सावलीत पसरा. दाणे बोटांना चिकटेनासे झाले की लगेच पेरा. कोंब दिसेपर्यंत थांबू नका, फोकताना, म्हणजे बी हाताने विखरून पेरताना, तो मोडतो. जमिनीत ओल नीट असली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाफा हिरवा दिसू लागतो.

बहाव्याचे बी असे भिजून उगवत नाही. काळ्या, दंडुक्यासारख्या शेंगेत आडव्या चकत्यांचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात चिकट काळ्या गरात एक चपटे, तुकतुकीत बी. त्याचे कवच इतके टणक असते की आठवडाभर पाण्यात ठेवले तरी बरेचसे दाणे तसेच राहतात. बी चिमटीत धरा आणि त्याचा बोथट कडेचा भाग पॉलिश पेपरवर घासा. तपकिरी कवचाखालचा फिकट रंग दिसला की थांबा, त्याहून खोल गेलात तर आतला गर्भ दुखावतो. मग चोवीस तास पाण्यात ठेवा. फुगलेले दाणे पेरायचे, न फुगलेले पुन्हा घासायचे. पिशवी किमान दहा इंच उंच घ्या, कारण बहाव्याचे सोटमूळ आधी खाली पळते. आखूड पिशवीत ते तळाशी गुंडाळले जाते आणि ते वेटोळे झाड मोठे झाल्यावरही सुटत नाही.

जमिनीचे पाहू. नाशिकमध्ये गंगापूर रोड, मखमलाबाद, आडगाव या बाजूंना बऱ्याच ठिकाणी भारी काळी माती लागते. त्र्यंबकच्या अंगाला आणि टेकड्यांच्या उताराला मुरमाड. बहाव्याला मुरमाड जमीन चालते, काळीत मात्र त्याची मुळे पावसाळ्यात गुदमरतात. काळ्या मातीत दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा गुळगुळीत कडांचा खणला तर तो हौदासारखा पाणी धरून ठेवतो. कडा कुदळीने खरबडून घ्या. निघालेल्या मातीत एक तृतीयांश मुरूम, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंचवट्यावर बसवा. खड्डा मे महिन्यात खणून तापू द्या आणि लावणी मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर करा. भिंतीपासून पाच मीटर अंतर सोडा, वर विजेच्या तारा नाहीत ना तेही पाहा.

मेथीचे सगळे जगणे वरच्या वीतभर मातीत. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत पुरते. कच्चे शेण टाकले तर हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते आणि तणही माजते. बी वीस ग्रॅम, वर एक सेंटिमीटर माती. दाट फोकले की रोपे उंच, लुसलुशीत दिसतात, पण बुडाशी हवा खेळत नाही आणि दहाव्या दिवसापासून ती कोलमडू लागतात. पावसाळ्यात पेरायची असेल तर गादी वाफा वीतभर उंच करा, सपाट वाफ्यात पाणी साचून मर, म्हणजे रोपे कोमेजून मरणे, हमखास होते. पेरल्यावर चिमण्या आणि कबुतरे दाणे वेचतात, म्हणून वाळलेले गवत पातळ पसरा आणि कोंब दिसताच काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे पिवळी, लांबट होतात.

खताबाबत या दोघांतला फरक डोळ्यांनी दिसतो. वीस-पंचवीस दिवसांचे मेथीचे रोप मुळासकट अलगद उपटून पाण्यात धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून रोपाला देत आहेत. अशा वाफ्याला युरिया घालू नका. पाने मऊ होतात, मावा येतो आणि गाठींचे काम मंदावते. गाठी दिसल्याच नाहीत तर मेथी नेहमी होत असलेल्या शेतातली ओंजळभर माती पुढच्या वेळी वाफ्यात मिसळा. बहावा शेंगवर्गातला असूनही त्याच्या मुळांवर सहसा अशा गाठी होत नाहीत. म्हणून पहिली तीन वर्षे दर पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात एक-दोन घमेली शेणखत द्या, नंतर गळलेला पालापाचोळा पुरतो.

आता पाणी, कारण सगळा घोळ इथेच होतो. मेथीला हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी, मार्चनंतर दिवसाआड हलके पाणी लागते. वरची माती कोरडी होऊन भेगाळू देऊ नका, पण वापसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल ओसरून माती मोकळी झाल्याशिवाय, पुन्हा पाणीही देऊ नका. काळ्या जमिनीत मातीचा गोळा वळून बोटाने दाबा. तो फुटला तर पाणी द्यायची वेळ झाली, चिकटला तर थांबा. बहाव्याला पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठ दिवसांनी पंधरा-वीस लिटर आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी तेवढेच. दुसऱ्या वर्षी हे अंतर दुप्पट करा. तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद. फुलोरा यायला या झाडाला उन्हाळ्याआधीचा कोरडा ताण हवा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते पाने गाळते, ते वाळते आहे असे समजून लोक पाणी वाढवतात आणि पिवळ्या घोसांऐवजी पालवी मिळवतात. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात, तेवढा धीर धरा.

जागा ठरवताना डिसेंबरचे ऊन धरा. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे आठ मीटरच्या बहाव्याची सावली उत्तरेकडे साडेसात मीटर पडते, आणि मेथीला सगळ्यांत जास्त ऊन हवे असते ते त्याच दिवसांत. वाफा झाडाच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्या. नाशिकजवळच्या निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा महिन्याची मेथी चाळीस दिवसांवर जाते. अशा थंडीत संध्याकाळी माती ओली करा, पानांवर पाणी नको.

बहाव्याची कोवळी पाने पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या खातात. काही फवारू नका, झाड पुन्हा फुटते, आणि ते औषध शेजारच्या भाजीवर उडते. छाटणी फुलोरा संपल्यावरच करा. हिवाळ्यात फांद्या कापल्या तर त्या वर्षीचे घोस गेले. पडलेल्या शेंगा वेचून टाका, गर रेचक असतो आणि गोड लागतो म्हणून लहान मुले चाखतात.

मेथी वीतभर झाली की फुलकळी येण्याआधी सकाळी मुळासकट उपटा, माती झटका आणि जुड्या बांधा. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरत गेलात तर सप्टेंबरपासून भाजी सुरू राहते. झाड मोठे झाले की त्याच्या मुळांच्या टप्प्यात येणारा शेवटचा वाफा होळीपर्यंत काढून घ्या आणि तिथे पाऊस येईपर्यंत पाण्याचा थेंब टाकू नका. उन्हाळ्यातली मेथी दूर, दुपारनंतर भिंतीची सावली येईल अशा जागी घ्या.