कोंबडीचे पाय आणि गोव्याचा पावसाळा: या चुका टाळा

जून ते सप्टेंबर गोव्यात परसातली जमीन सुकतच नाही. सत्तरी-डिचोलीकडे घरोघरी गावठी कोंबड्या आहेत, आणि त्या लंगडू लागतात त्या बहुधा याच दिवसांत. मग मलमाची शोधाशोध सुरू होते. खुराड्याखालचं तूस मात्र ओलंच राहतं, आणि मूळ दुखणं तिथेच असतं. ओलाव्यावर सतत उभं राहून तळव्याची कातडी मऊ पडते, बारीकशी जखम होते आणि तिथून स्टॅफिलोकोकस जंतू आत शिरतात. तळवा सुजतो, मधोमध काळी खपली धरते. हा बंबलफूट.

इथली सर्वांत घातक चूक म्हणजे खपली उचकटून पू पिळायला जाणं. पक्ष्यांचा पू पातळ नसतोच. तो चुरलेल्या पनीरसारखा घट्ट असतो. दाबून तो निघत नाही, उलट संसर्ग सांध्याकडे आणि हाडाकडे सरकण्याचा धोका वाढतो. घरच्या ब्लेडने कापणं तर कोंबडीचे निव्वळ हाल.

नुसती सूज आणि लाली असेल तर घरी बरंच करता येतं. कोमट पाण्यात एप्सम मीठ विरघळवून 10 ते 15 मिनिटं पाय बुडवा, नीट कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि गॉजची पट्टी बांधा. पट्टी रोज बदला. बोटं सुजली किंवा गार लागली तर ती घट्ट झाली आहे, लगेच सोडा. कोंबडी कोरड्या तुसावर वेगळी ठेवा. हातमोजे घाला, कारण हे जंतू माणसालाही त्रास देतात. मोठी खपली असेल किंवा कोंबडी पाय टेकतच नसेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका, त्यांचा अंश अंड्यांत उतरतो. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

फोड बरा होऊन पुन्हा आला, तर बसायचा दांडा तपासा. आपल्याकडे चिरलेल्या पोफळीच्या पट्ट्या सर्रास लावतात. त्यांच्या कडा आणि कुसळं तळव्यात घुसतात. कडा घासून गोल करा. जड कोंबड्यांसाठी दांडा दीड-दोन फुटांहून उंच नको, आणि उडी पडते तिथे उघडे चिरे नकोत. तूस रोज हलवा, भिजलेलं काढून टाका. चुना वापरलात तर तुसात पूर्ण मिसळा. वर पसरून ठेवलेला चुना पायच भाजतो.

पायांवरचे खवले उचलले गेले, पांढरट खरबरीत थर चढला, की "म्हातारी झाली" म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात खवल्यांखाली डोळ्यांना न दिसणारे माइट किडे असतात आणि ते हळूहळू सगळ्या खुराड्यात पसरतात. रॉकेल किंवा जळकं ऑइल लावायची पद्धत सोडाच, त्याने कातडी पोळते. खवले ओढूही नका, रक्त येतं. पाय साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासा आणि पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल जाडसर लावा, म्हणजे किडे गुदमरतात. एकदा लावून भागत नाही: काही आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी, आणि सगळ्याच कोंबड्यांना. दांडेही धुवा.

पिल्लांची बोटं आत वळू लागली तर खाणं बघा. नुसत्या कण्यांवर वाढवलेल्या पिल्लांना रायबोफ्लेविन, म्हणजे बी2, कमी पडतं. पिल्लांचं तयार खाद्य द्या. लवकर सुरू केलं तर बोटं सुधारतात.

घारी-कावळ्यांसाठी वर जुनं मासेमारीचं जाळं टाकलं असेल तर त्याचे सुटे नायलॉन धागे कापून टाका. ते बोटाला आवळतात आणि बोट काळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि तळवा साफ असूनही एक पाय पुढे, एक मागे पसरून कोंबडी पडून राहिली तर तो मॅरेक्स असू शकतो. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. लस असते ती पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी देण्याची, म्हणून पिल्लं विकत घेतानाच ती टोचली आहे का ते विचारा.