ग्रँड कॅन्यनमध्ये उन्हाळ्यात उतरताना

सह्याद्रीत आधी चढण असते, दमलेल्या पायांना नंतर उतार मिळतो. ग्रँड कॅन्यनला उलटं. ब्राइट एंजल वाटेने उतरणं सोपं वाटतं, पण परत वर यायला साधारण दुप्पट वेळ धरा. खाली दोन तास गेलात तर वर चार.

दर हजार फूट उतरलं की तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढतं. वर कड्यावर हवा छान असते तेव्हा तळाशी ४० च्या पुढे. म्हणून उजाडायच्या आत निघा आणि सकाळी १० ते दुपारी ४ उन्हात चढू नका. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीन मैलांच्या विसाव्यावरून मागे फिरावं; तेवढ्यातही सुमारे ६४५ मीटर चढायचे असतात.

कोकणात घामाने सदरा चिकटतो. इथल्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, कातडीवर नुसती मिठाची पांढरी पूड उरते. त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. पण नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं: रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, डोकं ठणकतं, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. घोटाघोटाने प्या, सोबत खारे दाणे, चिवडा, ओआरएस घ्या.

वाटेतले नळ पाइपलाइन फुटली की बंद पडतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी कराच. साउथ कायबाब वाटेवर तर पाणीच नाही. नळ दिसला की सुती सदरा, टोपी पिळून न काढता ओली घाला; चढताना तोच मोठा आधार.