रोबोट मध्येच रीसेट होतो? कोडला हात लावण्याआधी या चुका टाळा

चाकं हवेत धरली की रोबोट झकास चालतो, जमिनीवर ठेवला की अर्डुइनो, म्हणजे रोबोट चालवणारा छोटा बोर्ड, रीसेट होतो. असं झालं की बरेच जण लगेच लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम चाळायला बसतात. पण चाकं हवेत आहेत की जमिनीवर, हे प्रोग्रॅमला कळत नाही. मोटरला कळतं, आणि तिचा करंट लगेच वाढतो. म्हणून हातात आधी मल्टिमीटर घ्या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रोब ५ व्होल्ट आणि ग्राउंड या पिनांवर धरा, मोटर चालू करा आणि एक चाक बोटांनी जेमतेम एक सेकंद अडवा. आकडा ५ वरून ४.५ च्या खाली गेला तर दोष पॉवरचा आहे. साधं मीटर संथ असतं, त्यामुळे प्रत्यक्षातली घसरण दिसते त्याहून मोठी असते. अर्डुइनो उनो या बोर्डवरचा चिप साधारण २.७ व्होल्टला स्वतःच रीसेट होतो, आणि तिथवरची क्षणिक बुडी मीटरला दिसतही नाही.

बॅटरी व्होल्टवर निवडणं

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. तिचा अंतर्गत रेझिस्टन्स एक-दोन ओहम असतो, म्हणजे एक अँपिअर मागितला की एक-दोन व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च होतात. थोडी वापरलेली असेल तर त्याहून जास्त. सेन्सर चालवायला ती ठीक आहे, मोटर चालवायला नाही.

बॅटरी निवडण्याआधी मोटर अडल्यावर किती करंट घेईल ते काढा. मोटर सुटी करून तिच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. शाफ्ट थोडा थोडा फिरवत चार-पाच वेळा मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जो आकडा येतो तो त्यातून वजा करा. समजा ६ ओहम आले आणि बॅटरी ६ व्होल्टची आहे, तर करंट १ अँपिअर. स्थिर मोटर सुरू होताना क्षणभर एवढाच करंट ओढते, कारण फिरायला लागल्याशिवाय तिच्यात उलट व्होल्टेज तयार होत नाही. दोन मोटर एकदम सुरू केल्या तर २ अँपिअर. बॅटरी, ड्रायव्हर (बोर्डच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारं मोड्यूल) आणि वायर या आकड्याला पुरल्या पाहिजेत, सरासरी करंटला नव्हे.

मोटर किंवा सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी छोटी मोटर) अर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून चालवणं ही याच चुकीची दुसरी बाजू. उनोच्या यूएसबी लाइनवर ५०० मिलीअँपिअरचा रीसेट होणारा फ्यूज असतो. पॉवर जॅकमधून १२ व्होल्ट दिले आणि २०० मिलीअँपिअर ओढले, तर उरलेले ७ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर, म्हणजे १.४ वॉट, बोर्डवरच्या एवढ्याशा रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन जातात. तो बोट टेकवता येणार नाही इतका तापतो आणि शेवटी स्वतःला बंद करतो. एसजी९० सारखा छोटा सर्व्होही अडकला की अर्ध्या अँपिअरहून जास्त मागतो. सर्व्होंसाठी ३ अँपिअरचा वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं मोड्यूल, घ्या आणि काहीही जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून, मीटर लावून, आउटपुट ५ व्होल्टवर आणा. कन्व्हर्टर नवा असला तरी हे चुकवू नका. तो भलत्याच व्होल्टेजवर ठेवलेला असू शकतो, आणि सर्व्हो एका झटक्यात जळतो.

मोटर ड्रायव्हरच्या पॉवर टोकांपाशीच ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. ७.४ व्होल्टच्या बॅटरीला १६ किंवा २५ व्होल्टचा चालेल. पट्टी असलेली बाजू मायनसला. उलटा लागला तर फुटतो.

एल२९८एन आणि हरवलेले व्होल्ट

“मोटर ६ व्होल्टची, बॅटरी ६ व्होल्टची, तरी रोबोट रांगतो” ही तक्रार आली की ड्रायव्हर बघावा. एल२९८एन या ड्रायव्हरमध्ये जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत. १ अँपिअरला तो साधारण २ व्होल्ट, काही वेळा ३ पर्यंत, स्वतःच खातो. मोटरपर्यंत जेमतेम ४ पोचतात. छोट्या रोबोटसाठी मॉसफेटवाला (नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा) टीबी६६१२एफएनजी ड्रायव्हर कितीतरी बरा, फक्त त्याची सततची मर्यादा प्रत्येक मोटरला १.२ अँपिअर आहे, तेव्हा वर काढलेला आकडा आठवा. त्याचा स्टँडबाय पिन ५ व्होल्टला जोडायला हमखास विसरतात आणि मग मोड्यूलच खराब आहे असं समजतात.

एल२९८एनच्या मोड्यूलवरचा ५ व्होल्टचा जंपर लावलेला असेल तर शेजारचं टोक आउटपुट असतं. तिथे बाहेरून ५ व्होल्ट देऊ नका. बॅटरी १२ व्होल्टच्या वर असेल तर जंपर काढा आणि ५ व्होल्ट वेगळे द्या.

ग्राउंड

सर्व्हो थरथरतो, वायरला हात लावला की मोटर दचकते, ड्रायव्हर कधी ऐकतो कधी नाही. ही ग्राउंड सुटल्याची लक्षणं. दोन वेगळ्या बॅटऱ्या वापरल्या तरी त्यांचे मायनस एकत्र हवेत, नाहीतर सिग्नलचे ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे हे ड्रायव्हरला कळणारच नाही. मात्र ग्राउंड नुसता जोडून भागत नाही, कोणत्या वाटेने जोडला तेही महत्त्वाचं आहे. मोटरचा करंट अर्डुइनोच्या ग्राउंड पिनमधून परत जाता कामा नये. ड्रायव्हरची आणि अर्डुइनोची ग्राउंड वायर वेगवेगळी बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या.

तपासायचं असं: मोटर चालू ठेवा आणि बॅटरीचा मायनस व अर्डुइनोचा ग्राउंड यांच्यात डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलीव्होल्ट दिसले तर ठीक. ०.३ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर वाटेत कुठेतरी बारीक जंपर वायर, सैल स्क्रू किंवा कच्चं सोल्डरिंग आहे. काळा प्रोब बॅटरीवर ठेवून लाल प्रोब एकेक जोडावर पुढे सरकवत जा. जिथे आकडा एकदम उडी घेतो तो जोड दोषी.

ब्रेडबोर्डवरून मोटरचा करंट नेऊच नका. शिवाय लांब ब्रेडबोर्डची पॉवर पट्टी बऱ्याचदा मध्यावर तुटलेली असते. लाल रेघ तिथे खंडित दिसेल.

सगळं नीट असूनही सेन्सर वेडेवाकडे आकडे देत असेल तर ती मोटरच्या ब्रशची गडबड. मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर थेट सोल्डर करा आणि वायरींना पीळ द्या.

३.३ व्होल्टच्या बोर्डला ५ व्होल्ट

एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा एको पिन ५ व्होल्ट देतो, ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डचा पिन ३.३ साठी बनलेला आहे. एकोपासून पिनपर्यंत १ किलोओहमचा आणि पिनपासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा रेझिस्टर लावा. हे दोन उलटे लागले तर पिनवर १.७ च्या आसपास येतात, आणि सेन्सर मेला असं वाटतं. ईएसपी३२ वर ३४ ते ३९ हे पिन फक्त इनपुटचे, तिथे एलईडी लागणार नाही. वायफाय चालू असताना एडीसी२ चे पिन अ‍ॅनालॉग व्होल्टेज मोजायलाही वापरू नका.

कोडमध्ये दोष असतो तेव्हा

सर्व्हो जोडल्यावर मोटरचा वेग बदलणं बंद झालं तर हे बघा: उनोवर सर्व्हो लायब्ररी टायमर १ घेते आणि पिन ९ व १० वरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारा सिग्नल, बंद पडतं. ड्रायव्हरचे वेगाचे पिन ५ आणि ६ वर हलवा. रोबोट सेकंदभर गोठून पुढे जात असेल तर अंतराच्या सेन्सरचा एको मोजणारं पल्सइन फंक्शन बघा. त्याची ठरलेली मुदत १ सेकंद असते, वायर सुटली की तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबतो. मुदत ३०००० मायक्रोसेकंद द्या, ५ मीटरपर्यंत पुरते. प्रोग्रॅम अपलोडच होत नसेल तर पिन ० आणि १ मोकळे करा.

लिथियम सेल

इथे चुकीला माफी नाही. टीपी४०५६ चिपचा चार्जर एका सेलसाठी आहे. सिरीजमध्ये जोडलेल्या दोन १८६५० (गोल लिथियम) सेलना तो लावू नका. त्यांना दोन सेलचं बीएमएस (सेलचं रक्षण करणारं सर्किट) आणि ८.४ व्होल्टचा लिथियम चार्जर लागतो. नवा आणि जुना सेल एकत्र जोडू नका, एक आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला आणखी खाली ओढतो. कोणताही सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. वेष्टण फाटलेला सेल होल्डरमध्ये घालू नका: प्लसच्या टिकलीच्या कडेपर्यंत आलेला पत्रा मायनसच असतो, आणि होल्डरची पत्ती दोन्हीला टेकली की सरळ शॉर्ट होतो. अशा सेलला नवं श्रिंक वेष्टण आणि वरची कागदी चकती घातल्याशिवाय तो वापरू नका.